शल्यकाचा हात कसा घडतो : देशोदेशींचे निवासी प्रशिक्षण आणि आपण

इंदूरच्या मराठी समाजात डॉक्टरांची तिसरी-चौथी पिढी आज नांदते आहे. १८७८ साली इथे सुरू झालेल्या आणि पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेतून पणजोबा बाहेर पडले, १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात आजोबा-वडील शिकले आणि नातवंडे आता मँचेस्टर, क्लीव्हलँड किंवा हॅम्बुर्गला रेसिडेन्सी करीत आहेत, अशी कुटुंबे आपल्यात विरळा नाहीत. अशा घरांतून एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. सर्जन घडविण्याची रीत कोणाची सरस? एकाच रात्री चार-चार पोटे उघडण्याचा अनुभव वडिलांच्या गाठीशी असतो. प्रत्येक टाक्यावर वरिष्ठांची नजर होती, हे समाधान मुलाच्या गाठीशी असते. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

तो न मिटण्याचे दुसरेही कारण आहे. आपण तुलना करतो ती बहुधा वर्षांची, तासांची आणि शस्त्रक्रियांच्या संख्येची. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु प्रशिक्षणाचा दर्जा केवळ त्यांनी ठरत नाही. शिकणाऱ्याच्या हाती जबाबदारी किती पायऱ्यांनी आली, प्रत्येक पायरीवर त्याच्या शेजारी कोण उभे होते आणि 'आता याला एकट्याने करू द्यावे' हे कोणी व कशाच्या आधारावर ठरविले, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या पद्धतीत स्पष्ट मिळतात ती पद्धत चांगली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या कसोटीवर काही देशांच्या पद्धती आणि आपली स्वतःची पद्धत पारखून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आपला वारसा

ही कसोटी परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांसारख्या फळांवर करावा, शिरावेधाचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, एषणाचा किडीने पोखरलेल्या लाकडावर, सीवनाचा कापडावर व मऊ चामड्यावर, असा तपशील तिथे दिलेला आहे. शास्त्र कितीही पढलेला असो, ज्याने योग्या केलेली नाही तो कर्माला अयोग्य, ही त्यामागची भूमिका. आज सिम्युलेशन प्रयोगशाळा म्हणून जे उभे राहते आहे, त्याचे बीज इथे आहे.

परंतु वारशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १७९३ साली पुण्याजवळ एका शल्यकाराने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळाची त्वचा वापरून नव्याने घडविले. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते. ही शस्त्रक्रिया इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली आणि तिचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सचित्र छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ साली त्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे साऱ्या युरोपात ही 'भारतीय पद्धत' शिकविली गेली. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही. कौशल्य त्याच्या हातात होते आणि ते घराण्यात पिढीजात चालत आले होते. पाहणाऱ्याने ते लिहून काढले, करून पाहिले आणि इतरांना शिकविले, तेव्हा त्याची विद्या झाली. हातातले कौशल्य दुसऱ्या हातात निश्चितपणे पोहोचविण्याची व्यवस्था म्हणजे प्रशिक्षण. तिच्या अभावी कुशल हात असूनही परंपरा खुंटते, हा धडा आपल्या पुण्यानेच दिलेला आहे.

अमेरिका : हॉल्स्टेड आणि नंतर

आधुनिक रेसिडेन्सीचा आरंभ बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला. हे रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथील शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी जर्मन विद्यापीठांतील पद्धत पाहिली होती. तिच्या धर्तीवर त्यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच वास्तव्यास ठेवले. 'रेसिडेंट' हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता. मुदत ठरलेली नसे. अनेकजण खालच्या पायरीवर प्रवेश करीत, शेवटी एकच मुख्य रेसिडेंट होई. या मनोऱ्यासारख्या रचनेतून फार थोर सर्जन निघाले. वाटेत गळलेल्यांची गणती कोणी ठेवली नाही. पुढे बोस्टनच्या एडवर्ड चर्चिल यांनी प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला शेवटपर्यंत नेण्याची रचना मांडली आणि कालांतराने तीच रूढ झाली. १९३७ साली अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची स्थापना झाली आणि सर्जन कोणास म्हणावे हे एका रुग्णालयाच्या प्रमुखाऐवजी देशव्यापी मंडळ ठरवू लागले.

आज तिथे जनरल सर्जरीची पाच वर्षे असतात. या काळात किमान ८५० शस्त्रक्रिया आणि त्यांपैकी किमान २०० अखेरच्या वर्षात, अशी अट आहे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेची पायाभूत परीक्षा सिम्युलेटरवर उत्तीर्ण व्हावी लागते. कामाच्या तासांचा प्रश्न मात्र एका दुःखद घटनेतून पुढे आला. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. थकलेले कनिष्ठ डॉक्टर आणि वरिष्ठांची देखरेख या दोन्ही गोष्टी त्यानंतर ऐरणीवर आल्या. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने आणि २००३ साली साऱ्या देशाने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २०११ साली पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सलग १६ तासांहून अधिक काम देण्यास मनाई झाली. परंतु ११७ प्रशिक्षण केंद्रांत केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळ्या लवचीक ठेवल्याने रुग्णांची हानी वाढत नाही असे दिसले आणि २०१७ साली १६ तासांचा नियम मागे घेण्यात आला. साप्ताहिक मर्यादा मात्र कायम राहिली.

एवढी काटेकोर व्यवस्था असूनही २०१३ साली तेथील फेलोशिप प्रमुखांच्या पाहणीत एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघाला. पाच वर्षे पुरी करून आलेल्या नव्या फेलोंपैकी ६६ टक्क्यांना मोठ्या शस्त्रक्रियेत अर्धा तास देखरेखीविना काम करता येत नाही, असे त्या प्रमुखांचे मत पडले. म्हणजे देखरेख इतकी सतत की स्वतः निर्णय घेण्याची वेळच आली नाही. त्यावर उपाय म्हणून २०२३ पासून तिथल्या बोर्डाने ठरावीक कामांची यादी करून, प्रत्येक कामात हा रेसिडेंट किती विश्वासाने एकटा सोडता येईल याची वरचेवर नोंद करण्याची पद्धत आणली आहे. शस्त्रक्रियांच्या गणतीला आता विश्वासाच्या मोजमापाची जोड मिळाली आहे.

इंग्लंड : एफ. आर. सी. एस. चे दोन अर्थ

आपल्या आधीच्या पिढ्यांची पंढरी इंग्लंड-स्कॉटलंड होती. मुंबई किंवा इंदूरला एम. एस. होऊन जहाजाने विलायतेस जायचे, फेलोशिप मिळवायची आणि परत येऊन पाटीवर ती अक्षरे लावायची, हा मार्ग प्रतिष्ठेचा मानला जाई. डॉ. वि. ना. श्रीखंडे यांच्या '...आणि दोन हात' या आत्मचरित्रात या विलायती शिक्षणाचे दर्शन मराठी वाचकाला घडते. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या काळी एफ. आर. सी. एस. ही परीक्षा उच्च प्रशिक्षणाच्या उंबरठ्यावर होत असे. आज उंबरठ्यावर एम. आर. सी. एस. आहे आणि एफ. आर. सी. एस. प्रशिक्षणाच्या अखेरीस येते. अक्षरे तीच असली तरी त्यांचा अर्थ बदललेला आहे.

सध्या तिथे पदवीनंतर दोन वर्षे फाउंडेशन, दोन वर्षे कोअर सर्जरी आणि सहा वर्षे उच्च प्रशिक्षण, म्हणजे साधारण दहा वर्षे लागतात. युरोपीय नियमानुसार ऑगस्ट २००९ पासून प्रशिक्षणार्थींना आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा लागू झाली, तेव्हा सर्जन मंडळींनी मोठी ओरड केली. एवढ्या तासांत हात कसा तयार होणार? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सर जॉन टेंपल यांनी २०१० साली अहवाल दिला. त्याचा सारांश असा की, ४८ तासांतही उत्तम प्रशिक्षण देता येते. परंतु प्रशिक्षणार्थींवर रात्रीच्या सेवेचा मुख्य भार टाकला आणि देखरेख तोकडी ठेवली, तर ते जमत नाही. हे निरीक्षण आपल्यालाही विचार करावयास लावणारे आहे. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात अनेक कन्सल्टंट एकत्र बसून प्रशिक्षणार्थीची पातळी ठरवितात. केवळ पाहू शकतो इथपासून नव्या कन्सल्टंटच्या तोडीने स्वतंत्रपणे करू शकतो इथपर्यंतच्या त्या पातळ्या आहेत. एकाच वरिष्ठाच्या मर्जीवर वा नाराजीवर भवितव्य अवलंबून राहू नये, हा त्यातील मोठा गुण.

जर्मनी, जपान आणि पूर्व आफ्रिका

अलीकडे आपली मुले जर्मनीकडेही वळू लागली आहेत. तिथे सर्जरीचे प्रशिक्षण सहा वर्षांचे असते. केंद्रीय प्रवेशपरीक्षा नसते. उमेदवाराने थेट विभागप्रमुखाकडे नोकरीसाठी अर्ज करावयाचा असतो. कोणत्या शस्त्रक्रिया किती व्हाव्यात याची यादी ठरलेली असते आणि अंतिम तोंडी परीक्षा रुग्णालय घेत नाही, डॉक्टरांचे प्रांतिक मंडळ घेते. ज्याने शिकविले त्यानेच उत्तीर्ण करावयाचे नाही, हे त्यातील तत्त्व. उणीव अशी की यादी भरण्यासाठी लागणाऱ्या शस्त्रक्रिया वेळेवर मिळणे पुष्कळसे प्रमुखाच्या वाटपावर अवलंबून राहते.

जपानमध्ये २००४ पासून प्रत्येक नव्या डॉक्टरला दोन वर्षे विविध विभागांत काम करणे सक्तीचे झाले. त्यानंतर शल्यविशारद होण्यासाठी किमान ३५० शस्त्रक्रियांत सहभाग असावा लागतो आणि त्यांपैकी १२० मध्ये तो स्वतः मुख्य शल्यक असावा लागतो. 'सहभागी होतो' आणि 'मी केली' यांत तिथला नियम स्पष्ट भेद करतो. अतिश्रमाने होणाऱ्या मृत्यूंसाठी स्वतंत्र शब्द असलेल्या त्या देशाने एप्रिल २०२४ पासून डॉक्टरांच्या जादा कामाच्या तासांवरही कायद्याने मर्यादा घातली आहे.

श्रीमंत देशांच्या या यादीत एक नाव आपण सहसा घेत नाही. पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील देशांनी मिळून १९९९ साली 'कोसेक्सा' हे सर्जनांचे महाविद्यालय स्थापन केले. त्याला स्वतःची भव्य इमारत नाही. प्रशिक्षणार्थी आपापल्या मान्यताप्राप्त रुग्णालयांत राहूनच शिकतो, शस्त्रक्रियांची नोंद संगणकावर ठेवतो आणि सर्व देशांची परीक्षा सामाईक असते. इथून तयार झालेले बहुतेक सर्जन त्याच भूभागात काम करीत राहतात, असे पाहण्यांत आढळले आहे. ज्या रोगांशी आणि ज्या साधनांनी पुढे झुंजायचे त्यांच्यातच शिक्षण झाल्याचा हा परिणाम असावा. आपली तुलना लंडन-न्यूयॉर्कपेक्षा या प्रयोगाशी अधिक जवळची ठरेल.

आपल्याकडे

आता स्वतःकडे वळू. आपली परंपरा युनिटची. युनिटप्रमुख, त्यांच्याखाली लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन अशी ही इंग्रजी वळणाची उतरंड. डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नं. पाच, केईएम' या पुस्तकातून मुंबईच्या अशा युनिटचे चैतन्य अनेकांनी अनुभवले आहे. चांगल्या युनिटमध्ये शिकणे हे भाग्य असे. किंबहुना आजही आहे.

रुग्णांच्या बाबतीत आपले प्रशिक्षण जगात कोणापेक्षाही उणे नाही. माळवा-निमाडचा सारा भार ज्या 'एम. वाय.'वर येतो, तिथला रेसिडेंट आतड्याचा क्षय, विषमज्वराने पडलेले छिद्र, अडकलेला हर्निया, पिळलेले आतडे, शेतावरील व रस्त्यावरील अपघात, भाजलेले रुग्ण, झाबुआ-अलीराजपूरकडून येणाऱ्या बाणांच्या जखमा हे सारे पाहतो. परदेशातील त्याच्या समवयस्काला यातील काही गोष्टी पुस्तकातच भेटतात. अल्प साधनांत निर्णय घेण्याची सवय, सीटी स्कॅनची वाट न पाहता पोटावर ठेवलेल्या हाताने केलेले निदान, ही आपली कमाई आहे. परदेशी गेलेली आपली मुले तिथे चटकन नावारूपाला येतात, त्यामागे ही शिदोरी असते.

परंतु तीन प्रश्नांची कसोटी लावली की उत्तरे अडखळतात. आपल्याकडे एम. एस. तीन वर्षांचे. प्रवेश नीट-पीजी या दोनशे बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर. अखेरीस प्रबंध, चार लेखी पेपर आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात रुग्णतपासणी व तोंडी चर्चा कसून होते. उमेदवार शस्त्रक्रिया कशी करतो हे परीक्षक सहसा पाहत नाहीत. लॉगबुक सक्तीचे आहे. पण ते रोजच्या रोज भरले गेले की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, हे ज्याचे त्याला ठाऊक. परिणामी एकच पदवी घेतलेले दोन तरुण दोन टोकांचे असू शकतात. सरकारी महाविद्यालयात अनेकदा सुरी लवकर हाती येते, पण मध्यरात्री शेजारी उभे असतात ते एक वर्षाने वरिष्ठ रेसिडेंट. १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी. एन. बी. अभ्यासक्रमात, विशेषतः खासगी रुग्णालयांत, कन्सल्टंट सदैव शेजारी असतात, पण रुग्ण त्यांचे असल्याने सुरी रेसिडेंटच्या हाती यायला वेळ लागतो. एकाला एकटेपणा लवकर मिळतो, दुसऱ्याला तो मिळतच नाही. दोघांच्याही प्रमाणपत्रावर याची नोंद नसते.

कामाच्या तासांचेही असेच आहे. केंद्र शासनाच्या १९९२ च्या आदेशात रेसिडेंटला सर्वसाधारणपणे दिवसाला सलग १२ तासांहून अधिक आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम देऊ नये असे म्हटले आहे. हा आदेश वाचून आजचा रेसिडेंट हसेल. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्यातून एक सुटी सुचविली. 'आम्ही छत्तीस तास उभे राहिलो, म्हणून घडलो' असे आपण ज्येष्ठ अभिमानाने सांगतो. त्या छत्तीस तासांपैकी शिकण्यात किती गेले आणि रक्ताच्या पिशव्या, एक्स-रे व स्ट्रेचर ओढण्यात किती, याचा हिशेब आपण मांडत नाही. टेंपल यांच्या अहवालाचे बोट नेमके तिथेच आहे.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो? एम. एस. होऊन बडवानी किंवा खरगोनच्या रुग्णालयात रुजू झालेल्या तरुणाची कल्पना करा. रात्री दोन वाजता पोटफुटीचा रुग्ण येतो. भूलतज्ज्ञ मिळतो, रक्त मिळते. पण 'हे मी यापूर्वी एकट्याने केले आहे का?' या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या रात्री प्रथमच शोधावे लागते. धीर झाला नाही तर रुग्ण इंदूरच्या वाटेला लागतो आणि ते तास त्याच्या आतड्याला परवडत नाहीत. अवाजवी धीर झाला तर काय होते, ते सांगावयास नको. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले आहे. तिथे अनुभवी सर्जन शेजारी असेल तर ही तीन महिन्यांची अमोल संधी आहे. तसा कोणी नसेल तर केवळ रिकाम्या जागेवर बसविलेला एक माणूस.

आपण काय करू शकतो?

अभ्यासक्रमाची वर्षे आणि परीक्षेचे स्वरूप आयोग ठरवील. आपल्या हाती असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. पहिली गोष्ट लॉगबुकची. जे वरिष्ठ सही करतात त्यांनी प्रत्येक शस्त्रक्रियेसमोर चारपैकी एक शब्द लिहावा : पाहिली, साहाय्य केले, वरिष्ठांसमवेत केली, वरिष्ठ आवारात असताना स्वतंत्रपणे केली. एवढ्या चार शब्दांनी रेसिडेंटला स्वतःची जागा कळेल आणि नेमणूक देणाऱ्यालाही. दुसरी गोष्ट योग्येची. टाके, गाठी, आतड्याची जोडणी यांचा सराव कसायाकडून आणलेल्या आतड्यावर, साध्या खोक्यात बसविलेल्या कॅमेऱ्यावर करता येतो. त्यासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. एक खोली, एक टेबल आणि आठवड्यातील दोन तास देणारा निवृत्त सर्जन पुरे. आपल्या समाजात असे हात पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक आज केवळ वृत्तपत्र धरण्याच्या कामी येत आहेत.

तिसरी गोष्ट परदेशस्थ मुलांची. हिवाळ्याच्या सुटीत ती घरी येतात तेव्हा सत्कार आणि श्रीखंड-पुरी यांबरोबरच त्यांच्याकडून एक काम मागून घ्यावे. तिथे त्यांचे मूल्यमापन ज्या रीतीने होते त्या रीतीने इथल्या दोन-चार रेसिडेंटांचे काम शेजारी उभे राहून पाहावे आणि मोकळेपणाने सांगावे. त्या बदल्यात इथला रेसिडेंट त्यांना विषमज्वराचे छिद्र केवळ हाताने कसे ओळखावे ते शिकवील. या देवाणघेवाणीत कोणी लहान ठरत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत साधी, आणि सर्वांत अवघड. रात्री दोन वाजता रेसिडेंटचा फोन आला तर 'तूच उरक' म्हणण्याऐवजी कपडे चढवून जाणे. जाऊन सुरी हाती घ्यायची नाही. हातमोजे घालून समोरच्या बाजूला उभे राहायचे, त्याला करू द्यायचे आणि चुकण्याआधी थांबवायचे. हॉल्स्टेडच्या बाल्टिमोरपासून कोसेक्साच्या गावोगावच्या रुग्णालयांपर्यंत जिथे-जिथे चांगले सर्जन घडले, तिथे कोणी ना कोणी असा समोर उभा राहिलेला आहे. बडवानीच्या त्या तरुणाला पुढे एकटे उभे राहता यावे, यासाठी आज इंदूरमध्ये त्याच्यासमोर कोणीतरी उभे असले पाहिजे.